साताऱ्याहून साताऱ्याला, आणि पुढे

पुतण्याने जोहान्सबर्गहून फोन करून विचारलं, "काका, क्रूगरमध्ये काय काय बघायचंय? सिंह, बिबट्या, गेंडा?" मी म्हटलं, "मोपाने." "तो कुठला प्राणी?" "झाड आहे रे." पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाला, "काकूला फोन दे."

आयुष्यभर साताऱ्यात वनस्पतिशास्त्र शिकवलं. सवाना म्हणजे गवत आणि विखुरलेली झाडं, एवढं सांगून दरवर्षी तो धडा दहा मिनिटांत उरकत आलो. दक्षिण आफ्रिकेतलं क्रूगर राष्ट्रीय उद्यान जवळपास २०,००० चौरस किलोमीटरचं, म्हणजे सातारा जिल्ह्याच्या जवळजवळ दुप्पट. दक्षिणोत्तर लांबी साधारण ३५० किलोमीटर. एवढ्या पट्ट्यात सगळीकडे एकसारखं गवत आणि एकसारखी झाडं कशी असतील? म्हणून दक्षिणेच्या टोकाकडून आत शिरायचं आणि उत्तरेच्या टोकापर्यंत जायचं ठरवलं. ऑगस्टचा शेवटचा आठवडा. तिकडे हिवाळा सरत आलेला, पाऊस अजून लांब.

दिवस पहिला : नुम्बी गेट ते प्रिटोरियसकॉप

जोहान्सबर्गहून निघाल्यावर आधी पठारावरची मैलोन्‌मैल सपाट, वाळलेली, मधूनमधून जळलेली कुरणं. मग घाट उतरावा तसा रस्ता एकदम खाली येतो आणि हवा गरम होते. नुम्बी गेटमधून आत शिरलो तर दोन्ही बाजूंना डोक्याइतकं उंच, पिवळं पडलेलं गवत. पहिल्या तासाभरात दिसली ती चार हरणं आणि एक कासव. पुतण्या वैतागला, "काका, इथे काहीच नाही."

इथे बरंच काही होतं, पण जनावरं कमी का, याचं उत्तर गवतात आहे. उद्यानात सर्वांत जास्त पाऊस याच नैर्ऋत्य कोपऱ्यात, वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास. जमीन ग्रॅनाइटची, रेताड. पावसाने तिच्यातलं सत्त्व धुऊन जातं. गवत भराभर वाढतं, पण हिवाळा आला की पानातला कस मुळांत उतरतो आणि वर राहतो नुसता चोथा. तिथले लोक अशा कुरणाला आंबट कुरण म्हणतात आणि जिथे वाळलेलं गवतही गुरं आवडीने खातात त्याला गोड. आमच्या आजोबांना हे एका वाक्यात समजलं असतं. कोयनेकडच्या डोंगरातलं उंच गवत आणि माणदेशातलं आखूड गवत यांत तोच फरक.

झाडांत पहिली भेट झाली चंदेरी पानांच्या टर्मिनालियाची. आपले हिरडा, बेहडा, अर्जुन, ऐन याच प्रजातीतले, म्हणजे आम्ही आल्या आल्या भावकीतच पोचलो. पाठोपाठ दिसली सिगमकाटी. नात्यातली वगैरे नव्हे, आपल्याकडच्या माळावर असते तीच, डायक्रोस्टॅकिस सिनेरिया. वळलेल्या शेंगांचे घोस लटकलेले. मी ओरडलो, "थांबव, थांबव!" पुतण्याने करकचून ब्रेक मारला. मागच्या गाडीतल्या बाईंनी काच खाली करून विचारलं, "लायन?" पुढचे सहा दिवस हे असंच चाललं.

याच भागात जाळण्याचे प्रयोग चालतात. १९५४ पासून सुमारे सात-सात हेक्टरचे तुकडे आखून काही दरवर्षी, काही दोन-तीन वर्षांनी जाळतात, आणि काहींना आग लागूच देत नाहीत. या पावसाळी कोपऱ्यात न जाळलेल्या तुकड्यांवर झाडी दाट झाली. सतत जळणाऱ्या तुकड्यांवर झुडपं बुंध्यातून पुन्हा फुटतात, कमरेएवढी होतात आणि पुढच्या आगीत पुन्हा खाली बसतात. वय तीस-चाळीस, उंची तीन फूट. म्हणजे इथला मोकळेपणा नुसता पावसाने दिलेला नाही, त्यात आगीचाही हात आहे.

दिवस दुसरा : स्कुकुझामार्गे लोअर साबी

सकाळी सहाला फाटक उघडतं. कडाक्याची थंडी, गाडीत थर्मासचा चहा. डांबरी रस्त्यावर ताशी ५० आणि कच्च्या रस्त्यावर ४० ची मर्यादा आहे आणि ठरवून दिलेल्या जागा सोडून गाडीतून उतरायला बंदी. झाडं बघणाऱ्याला ही शिक्षाच. पान हातात घेता येत नाही, साल खरवडता येत नाही. दुर्बिणीतून झाड ओळखायची सवय मला नव्हती, ती इथे लागली.

हा रस्ता लाटांसारखा वर-खाली जातो. पहिल्या तीन चढउतारांत लक्षात आलं नाही, चौथ्याला आलं की प्रत्येक लाटेवर झाडांचा क्रम तोच आहे. माथ्यावर रेताड जमीन, तिथे कॉम्ब्रेटम, चार पंखांची तपकिरी फळं अजून फांदीवर. उतारावर मध्येच चंदेरी टर्मिनालियाची एक ओळ, कुणी आखून लावल्यासारखी. माथ्यावर मुरलेलं पाणी उताराच्या वाळूतून खाली येतं, खालच्या चिकणमातीला अडतं आणि तिथेच पाझरतं. ती ओळ म्हणजे त्या पाझराची रेघ. आणि तळाला उघडी, गुळगुळीत, पांढुरकी जमीन.

ती पाहिल्यावर बायको म्हणाली, "अहो, ही तर चोपण." माहेर उसाच्या पट्ट्यातलं, पाणी जास्त होऊन खराब झालेली जमीन तिने लहानपणापासून पाहिली आहे. अगदी बरोबर होतं तिचं. वरून वाहून आलेला सोडियम तळाशी साचतो आणि माती दगडासारखी घट्ट होते. फरक एवढाच, की ही चोपण कुणा शेतकऱ्याने केलेली नाही. आणि इथल्या जनावरांना ती नकोशी तर नाहीच, उलट लाडकी. गवत आखूड पण खारट-गोड, कसदार, शिवाय चहूकडे मोकळं असल्यामुळे सिंह लपून येऊ शकत नाही. म्हणून इम्पाला हरणं माथा सोडून तळाला बसलेली. पुतण्याने नंतर स्वतःहूनच प्रत्येक खोलगटात गाडी हळू करायला सुरुवात केली.

तळाच्या कडेला टॅम्बोटी उभे होते, काळ्या चौकोनी भेगांच्या सालीचे. लाकूड देखणं, पण चीक विषारी. त्याच्या सरपणावर मांस भाजून खाल्लं तर माणूस आजारी पडतो, म्हणून शेकोटीसाठी ते कुणी वापरत नाही.

स्कुकुझापासून लोअर साबीचा रस्ता नदीच्या काठाने जातो आणि सगळं चित्र बदलतं. साबी बारमाही. काठावर उंबराच्या जातीचे प्रचंड सायकॅमोर अंजीर, खोडालाच फळांचे घोस. त्यांच्यासोबत जॅकलबेरी. नाव इंग्रजी, पण झाड आपल्या टेंभुर्णीच्या प्रजातीतलं. फेब्रुवारी २००० च्या महापुरात या काठावरची कितीतरी मोठी झाडं मुळासकट गेली. त्यानंतर २००२ मध्ये न्कुह्लूजवळ काठापासून माथ्यापर्यंत कुंपणं घातली. एका भागात कुठलंच मोठं जनावर जाऊ शकत नाही, दुसऱ्यात फक्त हत्ती आणि जिराफ यांना मज्जाव, तिसरा भाग उघडा. रस्त्यावरूनही फरक दिसतो. कुंपणाच्या आत दाटी, बाहेर खरवडलेलं. शाकाहारी जनावर म्हणजे झाडांचं केवळ गिऱ्हाईक नाही, माळीही तेच, हे वर्गात सांगायला असं कुंपण माझ्याकडे हवं होतं.

दिवस तिसरा : त्शोक्वानेमार्गे सातारा

लोअर साबी सोडून उत्तरेला वळलो आणि पुतण्या म्हणाला, "अरे, मोकळं झालं!" डोळ्यांवरची झापड काढावी तसं. आडव्या लाटा गेल्या, सपाट गवताळ मैदान आलं, झाडं लांब लांब. क्रूगरचा नकाशा पावसाने आडवा कापला असेल तर दगडाने उभा कापला आहे. पश्चिमेला ग्रॅनाइट आणि नीस, पूर्वेला बेसाल्ट, मध्ये शेलचा अरुंद पट्टा आणि मोझांबिकच्या सीमेवर लेबोम्बोची र्‍हायोलाइटची रांग. आम्ही आता बेसाल्टवर होतो. माती तांबूस, खोलगट जागी काळीभोर आणि भेगाळलेली.

त्शोक्वानेच्या थांब्यावर किगेलियाचं जुनं झाड आहे, हातभर लांबीची जड फळं दोरीला टांगल्यासारखी. पुण्या-मुंबईत रस्त्याकडेला लावलेलं हे झाड मी पन्नासदा पाहिलंय. तिकडे ते पाहुणं वाटतं. इथे त्याच्या गडद लाल फुलांचा सडा पडला होता आणि हरणं तो खात होती.

पुढे कुमाना धरणाजवळ उद्यानातली सर्वांत दक्षिणेकडची म्हणून ओळखली जाणारी गोरखचिंच. एकटीच, पर्णहीन. गोरखचिंच मूळची याच खंडातली, आफ्रिकेशी चालणाऱ्या व्यापारातून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आली. वसईच्या किल्ल्यात पाहिलेली म्हातारी आठवली. तिथे तिला नाथसंप्रदायातलं नावही मिळालं. आणि ज्या चिंचेवरून ते नाव पडलं, ती आपली चिंच तरी कुठली? तीही मूळची आफ्रिकेतलीच.

दुपारी मुक्कामाच्या कॅम्पची पाटी आली : सातारा. आम्ही तिघांनी तिच्यापुढे फोटो काढून घेतला. मागे रांग लागली होती, पण त्या दिवशी पर्वा केली नाही. नावाची गोष्ट तिथे अशी सांगतात, की जमिनीची मोजणी चालू असताना सर्व्हेअरच्या भारतीय मदतनिसाने सतराव्या तुकड्यापुढे 'सतरा' लिहिलं आणि त्याचं पुढे सातारा झालं. तिकडची पुस्तकं हा शब्द हिंदी म्हणतात. मराठीतही सतरा सतराच असतो, पण तो मदतनीस कुठला होता कुणास ठाऊक, म्हणून वाद घातला नाही.

मला मजा वाटली ती दगडाची. आमचा सातारा दख्खनच्या बेसाल्टवर बसलाय, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यावर. हा सातारा साधारण अठरा कोटी वर्षांपूर्वीच्या. नाव योगायोगाने जुळलं, खालचा दगडही जुळला.

मैदानावर दोन झाडांचं राज्य आहे. एक मारुला, आंबा-काजूच्या कुळातलं. कॅम्पमधल्या झाडावर पत्र्याचा बिल्ला होता, ३६०. या देशात प्रत्येक देशी झाडाला राष्ट्रीय क्रमांक आहे आणि तो विश्रामस्थळांतल्या झाडांवर ठोकलेला असतो. मला ही पद्धत फार आवडली. दुसरं म्हणजे नॉबथॉर्न. एक पान नाही, पण सगळं झाड सायीच्या रंगाच्या तुऱ्यांनी भरलेलं, मैदानभर. जिराफ ती फुलं ओरबाडून खात होते.

इथे एक गाऱ्हाणं. या झाडाला आम्ही अकेशिया म्हणून शिकलो आणि शिकवलं. २००५ मध्ये व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र काँग्रेसमध्ये अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियातल्या झाडांना देण्याचा निर्णय झाला आणि २०११ मध्ये मेलबर्नला तो कायम राहिला. आफ्रिकेच्या आणि आपल्या झाडांचं बारसं नव्याने करावं लागलं. सरळ लांब काट्यांची बाभूळ व्हॅशेलियात गेली, वाकड्या नख्यांचा खैर सेनेगॅलियात. नॉबथॉर्न खैराच्या घरातला. शास्त्रीय कारणं मला पटतात, पण आफ्रिकेच्या माळावर उभं राहून 'हा अकेशिया नव्हे' म्हणायला जीभ रेटत नाही.

दिवस चौथा : साताऱ्याच्या आसपास

न्वानेत्सी नदीच्या काठचा कच्चा रस्ता सिंहांसाठी प्रसिद्ध आहे. सकाळी सातला पाच सिंहिणी दिसल्या. बायको आणि पुतण्या खूश. मीही खूश, कारण त्या ज्या गवतात लोळत होत्या त्यात अंजन गवत होतं. आपल्याकडे कुरण विकासात पेरतात तेच, सेंक्रस सिलिॲरिस. थोडं पुढे कुसळी गवताची बटं. इथे उतरायची परवानगी असती तर मोज्यांत साताऱ्यासारखीच कुसळं घुसली असती.

बेसाल्टच्या मातीत कस टिकतो म्हणून हे गवत वाळल्यावरही गोड. म्हणून झेब्रे आणि विल्डबीस्ट इथे, आणि म्हणून सिंह इथे. पर्यटक सिंहापासून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात. मला उलटं वाचायचं व्यसन लागलं होतं : दगड, माती, गवत, झेब्रा, आणि सगळ्यांत शेवटी त्या सिंहिणी.

पण मैदान रिकामं दिसण्याचं एक कारण दुखरं आहे. जागोजागी मारुला आडवे पडलेले, साल सोललेली. हत्तींचं काम. १९९४ मध्ये हत्ती मारून संख्या मर्यादित ठेवण्याचं धोरण थांबलं आणि त्यानंतर हत्ती बरेच वाढले. ते थांबवलं याचं वाईट वाटण्याचा प्रश्नच नाही. तरीही हत्तीने सोललेल्या झाडाला पुढच्या आगीत उघड्या जखमेतून झळ बसते, आणि नवीन रोपं हरणं खातात, तेव्हा मोठ्या झाडांची पुढची पिढी कुठून येणार, ही तिथल्या संशोधकांची काळजी खरी आहे.

दुपारी न्वानेत्सीच्या कड्यावर, जिथे उतरता येतं. लेबोम्बोचा र्‍हायोलाइट कठीण, माती जेमतेम बोटभर. त्यावर निवडुंगासारखे, मेणबत्त्यांचं झुंबर उलटं ठेवावं तसे युफोर्बिया. तासाभरापूर्वी गवताळ मैदान होतं आणि आता हे.

दिवस पाचवा : ऑलिफंट्स, लेटाबा, मोपानी कॅम्प

ऑलिफंट्स नदी ओलांडली की मोपाने सुरू. अशी एका नदीने आखलेली हद्द मी दुसरीकडे पाहिलेली नाही. दक्षिणेला तुरळक, उत्तरेला मोपाने आणि मोपाने. झाड गरम, सखल आणि कोरड्या जागेतलं, कडक थंडी त्याला सोसत नाही, आणि जिथे इतर झाडं हार मानतात त्या उथळ चिकणमातीत ते तग धरतं.

लेटाबाच्या आवारात अखेर पान हातात आलं. बायकोने बघितलं आणि म्हणाली, "अहो, हा तर आपटा!" दसऱ्याला लुटायचं सोनंच. खरं तर आपट्याचं पान एकच असतं, मध्ये खाच असलेलं. मोपानेची दोन स्वतंत्र पर्णिका असतात, फुलपाखराच्या पंखांसारख्या. दुपारच्या उन्हात त्या मिटून कड सूर्याकडे करतात. त्यामुळे पाणी वाचतं आणि झाडाखाली सावली जवळजवळ पडतच नाही. चुरगळलं की टर्पेंटाइनचा वास. ऑगस्टअखेर पानं तांबडी-पिवळी झालेली, तेव्हा तर खरोखरच सोनं. पण उद्यानातून पान बाहेर न्यायचं नाही, म्हणून तिथेच ठेवून आलो.

या पानांवर एका पतंगाच्या अळ्या वाढतात, मोपाने वर्म. वाळवून खातात, बाजारात विकतात, प्रथिनांचा मोठा आधार. पुतण्याने एकदा खाल्लीय म्हणे. चवीबद्दल विचारलं तर विषय बदलला.

कॅम्पात अडेनियमची झुडपं फुललेली होती, गुलाबी-पांढरी. पुण्यातल्या प्रत्येक गच्चीवर कुंडीत अडेनियम असतं, कातरून-छाटून बोन्साय केलेलं. त्याचा हा जंगली भाऊ दगडांत उभा होता, पान नाही, पाणी नाही, आणि फुलं मात्र भरपूर.

दिवस सहावा : मोपानी ते पुंडा मारिया

दिवसभर मोपाने. बेसाल्टवर माणसाच्या उंचीचं झुडूप, क्षितिजापर्यंत. मकरवृत्ताची पाटी ओलांडली, तीही मोपानेतच. दुपारी बारानंतर मीसुद्धा कंटाळलो, हे कबूल करतो.

एक गोष्ट मात्र सांगण्याजोगी. या उत्तरेच्या कोरड्या मैदानात पूर्वी पाण्यासाठी बोअरवेल आणि पवनचक्क्या बसवल्या होत्या. पाणी आलं म्हणून झेब्रे आले, त्यांच्यामागे सिंह आले, गवत आखूड झालं, आणि उंच गवतात राहणारं दुर्मीळ रोन हरीण शेकड्यांवरून काही डझनांवर आलं. १९९० च्या दशकापासून बरीच पाणवठ्याची ठिकाणं बंद करत आणली. दुष्काळी भागातल्या माणसाला पाणी देणं म्हणजे पुण्य, हे हाडात भिनलेलं असतं. ही गोष्ट पचायला जड गेली.

पुंडा मारियाजवळ वालुकाश्म लागला आणि मोपाने एकदम विरळ झालं. संध्याकाळी टेकडीभोवतीच्या फेरीत एका तासात जितकी वेगळी झाडं मोजली तितकी दिवसभरात मोजली नव्हती.

दिवस सातवा : पाफुरी

पाऊस इथे वर्षाला ४५० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे माण-खटावसारखा. सगळ्यांत कोरडा कोपरा, पण झाडांची सगळ्यांत जास्त श्रीमंती इथेच, कारण वालुकाश्म, बेसाल्ट, गाळ आणि दोन नद्या एकत्र येतात. वाटेत बाओबाब हिलवरची गोरखचिंच, जुन्या बैलगाडीच्या वाटेवरची खूण. मग रस्ता खाली लुवुवू नदीच्या गाळात उतरतो.

तिथे फीव्हर ट्री. पिवळट हिरवं खोड, पावडर लावल्यासारखं. साल स्वतः अन्न तयार करते, म्हणून पानं नसतानाही झाड हिरवं. गोऱ्या प्रवाशांना या झाडाजवळ मुक्काम केला की ताप यायचा, म्हणून हे नाव. दोष झाडाचा नव्हता. झाडाला आणि डासाला एकच दलदल आवडत होती.

त्याच्याच शेजारी ॲना ट्री, तेही बाभळीच्या गणगोतातलं. सगळं जंगल उघडं असताना हे मात्र पानांनी गच्च. पावसाळ्यात पानं गाळतं आणि कोरड्या दिवसांत हिरवं होतं, नारिंगी शेंगा जिलबीसारख्या वळलेल्या. हत्ती खाली उभे राहून त्या वेचत होते.

लुवुवू आणि लिम्पोपो यांच्यामधली ही जमीन माकुलेके लोकांची. १९६९ मध्ये त्यांना इथून सक्तीने हलवलं, १९९८ मध्ये जमीन परत मिळाली. ते परत राहायला न येता ती जमीन उद्यानातच ठेवून पर्यटनातून उत्पन्न घेतात. नदीकाठच्या जुन्या न्याला वृक्षांकडे बघताना गाडीत कुणी बोललं नाही. त्यांच्या सावलीत कुणाच्या तरी आजोबांचं अंगण असणार.

शेवटचा थांबा क्रूक्स कॉर्नर, दोन नद्यांचा संगम. समोर मोझांबिक, डावीकडे झिंबाब्वे. लिम्पोपो कोरडी, नुसती पांढरी वाळू, तिच्यावर हत्तींच्या पावलांची एक ओळ पलीकडे गेलेली. त्या काठावरही तेच फीव्हर ट्री, तेच ॲना ट्री. बायकोने वहीत सिंहांपुढे सात लिहिले होते, ते मला दाखवून विचारलं, "तुमची झाडं किती?" मी मोजायला लागलो, पण पुंडा मारियाचं फाटक सहाला बंद होतं आणि ताशी पन्नासने जायचं होतं. साडेतीनला गाडी फिरवली.